अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेचे कथात्म चित्रण आणि संशोधनाचा प्रश्न : 'फाइव्ह पॉइंट समवन' व 'थ्री इडियट्स' यांच्या संदर्भात

प्रस्तावना

मराठी कादंबरीला महाविद्यालय नवे नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) या कादंबरीतील पांडुरंग सांगवीकर खानदेशातील खेड्यातून पुण्याच्या वसतिगृहात येतो आणि परीक्षेतील अपयश पदरी घेऊन गावी परततो. सुहास शिरवळकर यांच्या 'दुनियादारी'त (१९८२) वर्गापेक्षा कट्टाच मोठा ठरतो. मात्र या दोन्ही कादंबऱ्यांतील महाविद्यालये अभियांत्रिकीची नव्हेत. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि पुढील दोन दशकांत 'इंजिनिअरिंगला लागणे' हा मराठी मध्यमवर्गाच्या घरोघरीचा विषय झाला. ड्रॉइंगचा बोर्ड पाठीला लावून एस.टी.त चढणारा मुलगा तालुक्याच्या गावालाही परिचित झाला. असे असूनही या अनुभवाला मराठी कादंबरीने मध्यवर्ती स्थान दिल्याचे फारसे दिसत नाही. ही पोकळी भरून काढली ती इंग्रजी कादंबरीने व हिंदी चित्रपटाने. मराठी विद्यार्थ्याने स्वतःच्या अभियांत्रिकी जीवनाचे चित्र पाहिले ते या दोन परक्या आरशांत. म्हणून मराठी समीक्षेने त्यांची दखल घेणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रस्तुत लेखात चेतन भगत यांची 'फाइव्ह पॉइंट समवन' (२००४) ही कादंबरी आणि तिच्यावर सैलसर आधारलेला राजकुमार हिरानी दिग्दर्शित 'थ्री इडियट्स' (२००९) हा चित्रपट यांचा एका मर्यादित अंगाने विचार केला आहे. या कलाकृतींनी परीक्षापद्धती, गुणांची स्पर्धा व विद्यार्थ्यांच्या आत्महत्या या प्रश्नांना वाचा फोडली, हे सर्वमान्य आहे. परंतु उच्च तंत्रशिक्षणाच्या संस्थेचे जे दुसरे काम, म्हणजे संशोधन, त्याचे या कलाकृतींत काय होते, या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. दोन्ही कलाकृतींत विद्यार्थ्याच्या हातून घडणारा एकेक प्रयोग आहे. कादंबरीत तो वंगणाचा आहे, चित्रपटात उडत्या यंत्राचा. या दोन प्रयोगांचे कथेत काय केले जाते, हे पाहिले असता दोन्ही कलाकृतींची ताकद व त्यांची पळवाट एकाच ठिकाणी सापडते.

वंगणाचा प्रयोग

'फाइव्ह पॉइंट समवन'ची कथा दिल्लीच्या आय.आय.टी.त घडते. ही संस्था १९६१ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झाली व १९६३ मध्ये तिला आय.आय.टी.चा दर्जा मिळाला. लेखकाने याच संस्थेतून १९९५ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली असल्याने तपशिलांत ओळखीचा विश्वासूपणा आहे. हरी, आलोक आणि रायन हे तीन मित्र पहिल्याच सत्रात गुणांच्या उतरंडीवर खाली घसरतात आणि त्यांच्या पुढच्या सर्व उठाठेवी या घसरणीच्या छायेत घडतात. असाइनमेंट वाटून घेऊन वेळ वाचवण्याची रायनची योजना ही त्यांपैकी पहिली.

या योजनेकडे केवळ आळसाची युक्ती म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. अमेरिकेतील एम.आय.टी.त मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या बेन्सन स्नायडर यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी 'द हिडन करिक्युलम' या ग्रंथात नेमक्या याच वर्तनाचा अभ्यास मांडला होता. नेमून दिलेला अभ्यास उपलब्ध वेळेत मावणाराच नसेल, तर कोणत्या कामाकडे दुर्लक्ष केले असता चालते, हे ओळखणे हाच विद्यार्थ्याचा खरा अभ्यास होऊन बसतो, असे त्यांचे निरीक्षण होते. महाराष्ट्रातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हे सांगण्यासाठी ग्रंथाची गरज नाही. काचेखाली दिवा लावून मित्राची ड्रॉइंग शीट गिरवणे, ज्याला 'जी.टी. मारणे' असे म्हणतात, हा त्या छुप्या अभ्यासक्रमाचा पहिला धडा असतो. सबमिशनच्या आदल्या रात्री एकाच जर्नलवरून दहा जर्नले उतरतात आणि एकाने घेतलेली रीडिंगे दहांच्या आलेखांवर बसतात. चेतन भगत यांनी हे वातावरण नेमके पकडले आहे आणि त्याला विनोदाचे अंग दिले आहे. विनोदामुळे त्यातील दुःख कमी होत नाही, ही या कादंबरीची जमेची बाजू होय.

या पार्श्वभूमीवर रायनचा वंगणाचा प्रयोग उभा राहतो. वर्गात मन न रमणारा, संस्थेने जवळजवळ निकालात काढलेला हा मुलगा एका प्रश्नात मात्र खरोखर गुंततो: इंजिनच्या वंगणात बदल केला तर ते अधिक कार्यक्षम होईल काय? विभागप्रमुख प्रा. चेरियन यांच्या व्यवस्थेत या कुतूहलाला जागा नाही. तरुण प्रा. वीरा मात्र त्याला हात देतात. पुढे प्रश्नपत्रिका चोरताना तिघे पकडले जातात, आलोक संस्थेच्या गच्चीवरून उडी घेतो व वाचतो, तिघांचे एक सत्र बुडते. त्या बुडीत सत्रात त्यांना आधार उरतो तो याच प्रयोगाचा. कथेची ही रचना अर्थपूर्ण आहे. संस्थेने शिक्षा म्हणून बाहेर काढल्यावरच विद्यार्थ्यांना संस्थेचे खरे काम करायला वेळ मिळतो, हा उपरोध लेखकाला साधला आहे. कदाचित त्याच्याही नकळत साधला असावा, कारण कादंबरी या उपरोधापाशी रेंगाळत नाही.

रेंगाळत नाही, हीच तिची उणीव. वंगणाची कसोटी ही अत्यंत चिवट बाब असते. एखाद्या तेलाने गाडी एका लिटरमागे किती अधिक धावली, हे रस्त्यावर मोजून फारसे काही सिद्ध होत नाही, कारण चाकातील हवा, मागे बसलेला माणूस, चढउतार आणि चालवणाऱ्याचा हात हे सारे त्या आकड्यात मिसळलेले असते. म्हणून प्रयोगशाळेत एका साध्या यंत्राचा आधार घेतात. तीन पोलादी गोळ्या घट्ट बसवून, तेलात बुडवून, चौथी गोळी ठराविक भाराखाली त्यांच्यावर फिरवतात आणि नंतर गोळ्यांवर उठलेल्या झिजेच्या खुणेचा व्यास सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. तापमान तेच, भार तोच, वेळ तोच. बदलायचे ते फक्त तेल. मग पुन्हा, आणि पुन्हा. एखादे रीडिंग इतरांशी जुळत नाही तेव्हा ते टाकून द्यायचे की त्यातच शोध दडला आहे असे मानायचे, या पेचात संशोधनाचे सारे नाट्य असते. चोरीच्या रात्रीतील ताणाला अनेक पाने देणाऱ्या कादंबरीला या नाट्याचा सुगावा लागत नाही. प्रयोग चालू आहे, पुढे सरकला आहे, यशस्वी होण्याच्या वाटेवर आहे, अशा वार्ता वाचकाला मिळतात. प्रयोग मिळत नाही. जर्नलमध्ये मित्राचे रीडिंग उतरवणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतःचे रीडिंग घेताना काय वाटले, हे या कादंबरीला सांगता आले असते. तेवढ्याने ती दर्जेदार करमणुकीच्या पलीकडे गेली असती.

जॉय लोबोचे यंत्र

'थ्री इडियट्स'ने कादंबरीतून सांगाडा घेतला आणि बरेच काही बदलले. चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर श्रेयाचा जो वाद गाजला त्यात येथे शिरण्याचे कारण नाही. दिल्लीच्या जागी काल्पनिक 'इम्पीरियल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग' आले आणि चेरियन यांच्या जागी प्राचार्य वीरू सहस्त्रबुद्धे. वेळेचा काटेकोर, विद्वान, विनोदाला पारखा प्राध्यापक दाखवायचा तर त्याला मराठी आडनाव द्यावे, असे नागपुरात वाढलेल्या दिग्दर्शकाला वाटले, ही गोष्ट मराठी प्रेक्षकाने हसून सोडून दिली असली तरी नोंद करण्याजोगी आहे.

चित्रपटातील संशोधनाचा प्रश्न जॉय लोबो या दुय्यम पात्राभोवती गुंफला आहे. शेवटच्या वर्षाचा हा विद्यार्थी बिनतारी कॅमेरा बसवलेले एक उडते यंत्र बनवत आहे. वडिलांना पक्षाघाताचा झटका आल्यामुळे त्याचे दोन महिने वाया गेले आहेत आणि तो मुदतवाढ मागतो. सहस्त्रबुद्धे नकार देतात. स्वतःचा मुलगा रविवारी मरण पावला तरी सोमवारी सकाळी आपण वर्गावर हजर होतो, हा त्यांचा युक्तिवाद आहे. मग ते जॉयच्या वडिलांना फोन करून मुलाला यंदा पदवी मिळणार नसल्याचे कळवतात. काही दिवसांनी रँचो ते टाकून दिलेले यंत्र मित्रांच्या साहाय्याने दुरुस्त करतो, ते रात्री वसतिगृहाच्या इमारतीभोवती उडवले जाते आणि त्याच्याच कॅमेऱ्यातून खोलीत लटकणारा जॉय सर्वांना दिसतो.

हा प्रसंग हिंदी चित्रपटातील अतिशय प्रभावी प्रसंगांपैकी एक आहे, याविषयी दुमत असू नये. यंत्र यशस्वी होते त्याच क्षणी त्याचा निर्माता गेलेला असल्याचे कळते, आणि ते कळते यंत्राच्याच डोळ्याने. मृत्यूचे कारण गळ्यावरचा दाब एवढेच वैद्यकीय अहवालात येईल, मनावरचा दाब येणार नाही, हा रँचोचा मुद्दा प्राचार्यांच्या आणि प्रेक्षकांच्याही जिव्हारी लागतो.

तरीही एक प्रश्न उरतो. जॉयचे यंत्र का उडत नव्हते? चार वर्षे शिकलेल्या, या विषयाचा ध्यास घेतलेल्या विद्यार्थ्याला न सुटलेली अडचण नव्याने आलेल्या मुलाला कशी सुटली? वजन जास्त होते, बॅटरी कमी पडत होती, की तोल सावरणारी जोडणी चुकत होती? चित्रपट याचे उत्तर देत नाही, कारण त्याला उत्तराची गरज नाही. रँचो प्रतिभावान आहे, एवढे पुरेसे आहे. परिणामी जॉयवर दुहेरी अन्याय होतो. प्राचार्यांनी त्याला मुदत नाकारली. चित्रपटाने त्याला त्याचे अपयशही नीट भोगू दिले नाही. त्याचे काम अपुऱ्या वेळेमुळे अडले होते असे चित्रपट म्हणतो आणि लगेच दाखवतो की योग्य माणसाच्या हाती पडले तर त्याला वेळ लागतच नव्हता. कथेची ही दोन विधाने एकमेकांना छेद देतात. संशोधनाला वेळ लागतो, हेच जॉयचे म्हणणे होते.

येथे एक वस्तुस्थिती उद्बोधक ठरते. चित्रपटात उडणारे यंत्र नेपथ्यकाराच्या कल्पनेतून आलेले नव्हते. आय.आय.टी. मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये स्थापन केलेल्या 'आयडियाफोर्ज' या कंपनीने ते तयार केले होते. पवईत विद्यार्थिदशेत सुरू झालेल्या खटपटीतून ही कंपनी उभी राहिली, तिची मानवरहित विमाने पुढे देशाच्या सुरक्षा दलांपर्यंत पोहोचली आणि २०२३ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात दाखल झाले. म्हणजे पडद्यावर जी किमया एका रात्रीत घडते, तिच्यामागे प्रत्यक्षात काही तरुणांची वर्षानुवर्षांची मोडतोड व जुळवाजुळव होती. विद्यार्थी संशोधनाचा खराखुरा पुरावा हातात असताना चित्रपटाने त्याचा उपयोग अद्भुताची सामग्री म्हणून केला.

अद्भुताकडे झुकण्याची ही वृत्ती पुढे वाढत जाते. शेवटी रँचो हा चारशे पेटंटांचा धनी फुनसुख वांगडू असल्याचे उघड होते. चारशे हा आकडा ऐकून प्रेक्षक टाळ्या वाजवतो, पण त्यांपैकी एकाही शोधाचा जन्म त्याने पाहिलेला नसतो. गुणपत्रिकेतील आकड्यांचा धिक्कार करणारा चित्रपट नायकाची थोरवी सिद्ध करण्यासाठी अखेर आकड्यालाच शरण जातो. लडाखचे सोनम वांगचुक यांच्याशी या पात्राचे नाते सर्रास जोडले जाते. श्रीनगरच्या तत्कालीन प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते यंत्र अभियंता झाले व १९८८ पासून त्यांनी लडाखमधील शिक्षणात काम केले. त्यांच्या बर्फाच्या स्तूपाचा पहिला छोटा नमुना मात्र चित्रपटानंतर, २०१३-१४ च्या हिवाळ्यात उभा राहिला आणि नळातच पाणी गोठण्यासारख्या अडचणींशी झगडत पुढील हिवाळ्यांत वाढत गेला. खऱ्या संशोधकाला एका प्रयोगासाठी वर्षातून एकच थंडी मिळते.

पुस्तकात नसलेले शब्द

चित्रपटात संशोधनवृत्तीला खऱ्या अर्थाने स्पर्श करणारा एकच प्रसंग आहे. शिक्षा म्हणून प्राचार्य रँचोला वर्गावर शिकवायला उभे करतात. तो फळ्यावर दोन शब्द लिहून त्यांची व्याख्या शोधण्यास अर्ध्या मिनिटाची मुदत देतो. सगळा वर्ग, प्राचार्यांसह, पुस्तकांची पाने उलटू लागतो. शब्द अस्तित्वातच नसतात. मित्रांच्या नावांवरून ते बनवलेले असतात. नवे काही शिकायला मिळणार याचा आनंद तुमच्यापैकी कुणाला झाला काय, असा त्याचा प्रश्न असतो.

हा प्रसंग विनोदी आहे, पण त्याचा अर्थ चित्रपटाच्या इतर सर्व उपदेशांहून खोल जातो. जे पुस्तकात आहे ते शोधणे म्हणजे अभ्यास. जे पुस्तकात नाही असे उमगल्यावर माणूस जे करतो ते संशोधन. त्या वर्गातील एकही विद्यार्थी 'हा शब्द पुस्तकात नाही' असे म्हणायला उठत नाही. प्राचार्यही उठत नाहीत, हे विशेष. शिक्षक स्वतः अज्ञाताशी झुंजत नसेल तर तो वर्गात शर्यतच भरवू शकेल, हे येथे सूचित होते. दुर्दैवाने पटकथा हा धागा सोडून देते. सहस्त्रबुद्धे कोणत्या विषयात संशोधन करतात, त्यांच्या हाताखाली कोणी पीएच.डी. करते काय, हे संपूर्ण चित्रपटात कळत नाही. दोन्ही हातांनी लिहू शकणे हा त्यांचा मोठा विशेष!

शिक्षक हा संशोधक असणे ही कविकल्पना नव्हे. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे माटुंग्याचे यू.डी.सी.टी., १ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झाला. केंब्रिजहून पीएच.डी. करून परतलेले मनमोहन शर्मा ऐन तारुण्यात तेथे प्राध्यापक झाले आणि वायू व द्रव यांच्या संयोगाने घडणाऱ्या अभिक्रियांवर त्यांनी विद्यार्थ्यांच्या साथीने आयुष्यभर काम केले. १९९० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय अभियंते होत. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९६९ मध्ये पीएच.डी. मिळवणारे रघुनाथ माशेलकर गोव्यातील माशेल गावचे, मुंबईत अत्यंत हलाखीत शिकलेले. १९९८ मध्ये तेही रॉयल सोसायटीचे फेलो झाले. एका विद्यापीठीय विभागाच्या मर्यादित साधनांत गुरू-शिष्यांनी हे साधले. या घटनेत कादंबरीला लागणारे सारे काही आहे: दारिद्र्य, शहर, ध्यास, आणि दोन माणसांमधले असे नाते ज्यात एकाला दुसऱ्याच्या चुका वर्षानुवर्षे वाचाव्या लागतात. परंतु या नात्यात कोणी कुणावर ओरडत नाही, कोणी गच्चीवरून उडी मारत नाही, म्हणून बहुधा त्याच्याकडे कथाकाराची नजर वळत नाही. कादंबरीतील प्रा. वीरा हे या जातीचे एकमेव पात्र. चित्रपटाने कादंबरीतून पुष्कळ काही घेतले, पण नेमके वीरा यांनाच गाळले. मार्गदर्शक गाळल्यावर शिष्याला ईश्वरी देणगी द्यावी लागते, आणि मग रँचो घडतो.

चौकटीबाहेरचे

तीन मित्रांच्या चौकटीबाहेर या कलाकृतींत जे राहते त्याचाही थोडक्यात निर्देश करणे आवश्यक आहे. दोन्हींत स्त्री येते ती प्राध्यापकाची मुलगी म्हणून. ती अभियांत्रिकी शिकत नाही. वास्तव तेव्हा याहून फारसे निराळे नव्हते हे खरे. आय.आय.टी.तील मुलींचे प्रमाण इतके अल्प होते की २०१८ पासून त्यांच्यासाठी अतिरिक्त जागा निर्माण कराव्या लागल्या. उद्दिष्ट २०२० पर्यंत २० टक्के गाठण्याचे होते. पण वास्तवातील अनुपस्थिती कलाकृतीने तशीच स्वीकारणे आणि तिच्याकडे बोट दाखवणे यांत फरक आहे.

जातीविषयीचे मौन त्याहून गडद आहे. आय.आय.टी.त अनुसूचित जाती-जमातींसाठी १९७३ पासून राखीव जागा आहेत. कादंबरीच्या काळात त्या विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्या वसतिगृहांतून राहून गेल्या होत्या. गुणांच्या उतरंडीवर लिहिलेल्या संपूर्ण कादंबरीत या विद्यार्थ्यांचा अनुभव नाही. मानवशास्त्रज्ञ अजंता सुब्रमण्यन यांनी 'द कास्ट ऑफ मेरिट' (२०१९) या ग्रंथात आय.आय.टी. मद्रासच्या अभ्यासातून दाखवले आहे की गुणवत्ता ही जातनिरपेक्ष असल्याचा समज स्वतःच एका जातीय इतिहासाची निर्मिती आहे. आलोकचे दारिद्र्य, राजूच्या घरची ओढाताण या कलाकृती सहानुभूतीने रंगवतात. मात्र दारिद्र्याखेरीज दुसरे कोणतेही ओझे घेऊन विद्यार्थी वसतिगृहात येतो, हे त्यांच्या ध्यानीमनी नाही. जॉय लोबोच्या मृत्यूचे कारण शोधताना रँचो एका प्राचार्याकडे बोट दाखवतो. प्रत्यक्ष संस्थांत एवढा सोयीचा एकच प्राचार्य सापडत नाही.

चतुर रामलिंगम आणि भाषेचा प्रश्न

घोकंपट्टीविरुद्धचा चित्रपटाचा सारा रोख चतुर रामलिंगम या पात्रावर आहे. 'यंत्र म्हणजे काय' या प्रश्नाला रँचो सोप्या, रोजच्या भाषेत उत्तर देतो आणि वर्गाबाहेर काढला जातो. चतुर पुस्तकातील व्याख्या एका दमात म्हणतो आणि शाबासकी मिळवतो. हा प्रसंग शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गांतूनही दाखवला जातो. त्याचा बोध स्पष्ट आहे: समजून घ्या, पाठ करू नका.

पण विद्यार्थी पाठ का करतो? महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील महाविद्यालयांत शिकवणाऱ्या कोणत्याही प्राध्यापकाला याचे उत्तर ठाऊक आहे. बारावीपर्यंत मराठीतून विचार केलेला विद्यार्थी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात इंग्रजी पुस्तकासमोर बसतो तेव्हा त्याला कल्पना कळलेली असते, पण ती मांडायला वाक्य नसते. तोंडी परीक्षेत स्वतःच्या शब्दांत सांगायला जावे तर व्याकरण चुकते, बाह्य परीक्षक हसतात. पुस्तकातील वाक्य पाठ केले तर निदान ते चुकत नाही. अशा विद्यार्थ्याच्या बाबतीत घोकंपट्टी ही बुद्धीची आळसट सवय नसते. भाषा नसलेल्या माणसाने पांघरलेले ते चिलखत असते. रँचोला सोपी भाषा परवडते, कारण ती भाषा त्याची आहे. सोलापूरच्या मराठी वातावरणातून आय.आय.टी. मुंबईत गेलेल्या व १९७२ मध्ये रासायनिक अभियंता झालेल्या अच्युत गोडबोले यांच्या 'मुसाफिर' या आत्मकथनात इंग्रजीच्या धास्तीचा अनुभव मोकळेपणाने आलेला आहे. मराठी वाचकाला तो लगेच आपला वाटतो, याचे कारण येथेच आहे. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह आठ भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी दिली, तीही या दुखण्याची उशिरा घेतलेली दखल म्हणावी लागेल. परवानगी मिळाली म्हणून पाठ्यपुस्तके तयार झाली असे होत नाही, हा भाग वेगळा.

आता चित्रपटातील सर्वांत गाजलेला हशा कोठे आहे ते पाहावे. चतुर युगांडात जन्मलेला, पुदुच्चेरीत शिकलेला आहे. त्याला हिंदी येत नाही. शिक्षकदिनाच्या समारंभासाठी त्याने ग्रंथपालाकडून संस्कृतप्रचुर हिंदी भाषण लिहून घेतले आहे आणि अर्थ न कळता तो ते पाठ करतो. रँचो त्या भाषणातील मोजके शब्द बदलतो. चतुर व्यासपीठावरून निष्पापपणे अभद्र बोलत राहतो, मंत्री व प्राचार्य संतापतात, सभागृह हसून लोळते. बलात्कारासारख्या शब्दावर विनोद उभारण्यातील असंवेदनशीलता तर उघडच आहे, आणि आज तो प्रसंग पूर्वीच्या निर्मळ मनाने पाहता येत नाही. मात्र तेवढ्यावर थांबू नये. येथे हसू येते ते पाठांतराला नव्हे. ते येते भाषा न येणाऱ्या माणसाला. शिक्षणातील क्रौर्याविरुद्ध उभा राहिलेला चित्रपट एका विद्यार्थ्याचे परभाषकत्व भर सभेत चव्हाट्यावर आणतो आणि त्याला धडा शिकवला असे समजतो. जॉय लोबोच्या बाबतीत अपमान हा प्राणघातक असतो, हे सांगून झाल्यानंतरचा हा प्रसंग आहे. जॉयला प्राचार्यांनी एकट्याला दालनाबाहेर नकार दिला होता. चतुरची फजिती सर्व संस्थेसमोर होते. पटकथेच्या लेखी पहिली घटना हत्या आहे आणि दुसरी गंमत.

चतुर त्या रात्री दारूच्या नशेत पाण्याच्या टाकीवर चढून भिंतीवर तारीख कोरतो आणि दहा वर्षांनी याच दिवशी भेटण्याचे आव्हान देतो. तो दिवस ५ सप्टेंबरचा. दहा वर्षांनंतर फरहान व राजू यांना फोन करून बोलावतो तोही चतुरच. रँचोचा पत्ता लावतो तोही चतुरच. मित्रांना मित्राची आठवण आहे, पण शोध घेण्याचे काम या थट्टेच्या धन्याने केलेले आहे. तो वांगडूशी करार करायला आलेला असतो, चित्रपट त्याला अखेरच्या क्षणी पुन्हा एकदा पाठमोरा वाकायला लावतो आणि लडाखच्या निळ्या पाण्याकाठी सगळे हसत असताना पडदा पडतो.